लँडलाइनवरचं ब्रॉडबँड सारखं तुटतंय? आधी घरातली फोनची वायरिंग बघा

तुमच्या गल्लीत फायबर आलं असेल तर सरळ फायबर घ्या, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पण ज्यांच्याकडे अजून तांब्याच्या जोडीवरूनच नेट येतं, म्हणजे बीएसएनएलचं किंवा मुंबईत एमटीएनएलचं जुनं लँडलाइन ब्रॉडबँड, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अशा घरांमध्ये मी एक गोष्ट परत परत बघतो, लोक मॉडेम बदलतात, प्लॅन बदलतात, कंपनीला शिव्या घालतात, आणि घरातल्या वायरिंगकडे कुणीच बघत नाही. कितीतरी वेळा दोष त्या शेवटच्या वीस-तीस मीटरमध्ये असतो आणि तो तुम्ही स्वतः काढू शकता.

कारण साधं आहे. घरातली फोनची वायर बोलण्यासाठी टाकलेली होती. बोलण्याचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये बसतो, तिथे वायर कशीही असली, जोड कसाही मारला तरी भागतं. २००५ मध्ये आपल्याकडे ब्रॉडबँड सुरू झालं आणि त्याच वायरवर एडीएसएल आलं, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट पाठवायची पद्धत, ते साधारण २५ किलोहर्ट्झपासून वर १.१ मेगाहर्ट्झपर्यंत चालतं, एडीएसएल २ प्लस असेल तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. म्हणजे जी वायर आवाजासाठी पुरत होती तिच्यावर आपण रेडिओच्या पट्ट्यातला सिग्नल पाठवतोय, आणि अर्धवट सोललेला जोड, भिंतीत लोंबत राहिलेलं जुनं एक्स्टेन्शन, ट्यूबलाइटच्या वायरीला चिकटून नेलेली लाइन, हे सगळं तिथे भोवतं.

सगळ्या लेखाचं सार आधीच सांगतो. लाइन घरात जिथे शिरते तिथेच स्प्लिटर (फोनचा आवाज आणि नेटचा सिग्नल वेगळे करणारी छोटी डबी) लावा, मॉडेम त्याच्या शेजारी ठेवा, घरातले सगळे फोन स्प्लिटरच्या पुढे न्या, आणि नेट आतल्या खोलीत हवं असेल तर फोनची वायर वाढवू नका, लॅन केबल वाढवा. बाकीचं सगळं हे नीट कसं करायचं आणि चूक कुठे आहे ते कसं शोधायचं याबद्दल आहे.

सुरुवात आकड्यांपासून

स्पीड टेस्टवर जाऊ नका, निदान आत्ता तरी नाही. वायफायवर केलेल्या स्पीड टेस्टवरून लाइनबद्दल काहीच कळत नाही. लॅपटॉप लॅन केबलने मॉडेमला जोडा, ब्राउजरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, पासवर्ड बदलला नसेल तर बऱ्याच मॉडेमचा युजर आणि पासवर्ड दोन्ही अॅडमिन असतो (आणि तो अजून तसाच असेल तर हे काम झाल्यावर लगेच बदला). आत स्टेटस किंवा डिव्हाइस इन्फो असं काहीतरी असतं, त्यात एडीएसएल स्टॅटिस्टिक्सचं पान शोधा.

तिथे चार गोष्टी लिहून घ्या. पहिली म्हणजे सिंक स्पीड, डाउनस्ट्रीम आणि अपस्ट्रीम, ही मॉडेम आणि एक्स्चेंजमधल्या मशिनमध्ये ठरलेली गती. दुसरी एसएनआर मार्जिन, म्हणजे सिग्नल गोंगाटापेक्षा गरजेहून किती वर आहे. ६ डीबीच्या (डेसिबलच्या) खाली असेल तर लाइन तुटत राहणार, ६ ते १० म्हणजे चालेल पण काठावर, १० च्या वर असेल तर निर्धास्त राहा. काही मॉडेम हा आकडा दहापट करून दाखवतात, १२० लिहिलं असेल तर ते १२ डीबी समजायचं, १२० डीबी मार्जिन जगात कुठे नसतं. तिसरी अॅटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नल किती खर्च झाला, ३० च्या आसपास उत्तम, ४५ पर्यंत ठीक, ६० च्या वर गेलं की फार अपेक्षा ठेवू नका. चौथी सीआरसी एरर, म्हणजे वाटेत खराब झालेल्या डेटाची मोजणी, इथे आकडा किती आहे यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांत किती वाढतो ते बघायचं.

अॅटेन्युएशनवरून एक्स्चेंजपासूनच्या वायरची लांबीपण कळते. अर्ध्या मिलीमीटरच्या तांब्याला किलोमीटरमागे १४ डीबीच्या आतबाहेर घट धरतात, म्हणजे ४२ दिसलं तर तीन किलोमीटर वायर आहे असं समजा. एवढ्या अंतरावर एडीएसएल २ प्लस आठेक एमबीपीएस देतं, दीड-दोन किलोमीटरवर पंधराच्या घरात जातं, आणि पाच किलोमीटरवर एक-दीड मिळालं तरी खूप. हे माहीत असलं की आपल्या लाइनची खरी कुवत कळते, आणि उगाच अशक्य गोष्टीच्या मागे माणूस लागत नाही.

अजून एक गोष्ट बघा. प्लॅन २ एमबीपीएसचा असेल आणि सिंक पूर्ण २ चं असेल, मार्जिन वीसच्या पुढे असेल, तर तुमच्या वायरिंगमध्ये काही दोष नाही, वायरिंग बदलून स्पीड वाढणार नाही, प्लॅन बदला. आणि सिंक ८ असेल तर डाउनलोडला ८ कधीच दिसणार नाही, ५३ बाइटच्या प्रत्येक पाकिटात माल ४८ बाइटचाच असतो आणि वर बाकीचा खर्च, त्यामुळे पावणेसात-सात दिसलं की बरोबर चाललंय.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी

आता मॉडेम उचला आणि लाइन घरात जिथे शिरते तिथे जा. खांबावरच्या डीपी बॉक्समधून (जिथून लाइनी घराघरात फुटतात) काळी ड्रॉप वायर येते ती एका छोट्या चौकोनी पांढऱ्या डबीत संपते, त्याला लाइनमन रोझेट म्हणतात. फ्लॅटमध्ये असाल तर लाइन खालच्या बॉक्समधून डक्टमधून वर येते, पण घरात पहिली डबी कुठलीतरी असतेच, ती शोधा. कधी ती दाराच्या वर असते, कधी गॅलरीत, कधी शोकेसच्या मागे गेलेली असते.

डबी उघडलीत की दोन स्क्रूंवर बाहेरून आलेल्या दोन तारा आणि तिथूनच आत गेलेल्या तारा दिसतील. आत जाणाऱ्या सगळ्या तारा सोडवा, कुठली कुठे होती त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि मग फक्त मॉडेम, छोट्या वायरने, थेट बाहेरच्या जोडीवर लावा, मध्ये स्प्लिटरसुद्धा नको.

हात लावण्याआधी एवढं वाचा. लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो, तो कोरड्या हाताला जाणवत नाही, पण नेमकी त्याच वेळी रिंग आली तर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो आणि चांगला झटका बसतो. त्यामुळे दोन्ही तारा एकदम उघड्या हातात धरू नका, घाम असेल तर पुसा, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहू नका. आणि आभाळात गडगडाट असेल तर हे काम त्या दिवशी करूच नका, वीज कुठेतरी लांब खांबावर पडली तरी वायरीतून घरात येते.

मॉडेम सुरू करा, पंधरा मिनिटं थांबा, तेच चार आकडे परत लिहा. मार्जिन चार-पाच डीबीने वाढलं, सिंक वाढलं, एरर थांबल्या, तर दोष घरात आहे आणि लेखाचा पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. काहीच फरक नाही पडला तर दोष बाहेर आहे, घरात भिंती फोडायची गरज नाही, शेवटच्या भागावर जा. ही एक चाचणी न करता लोक हजारोंचा खर्च करतात म्हणून मी तिच्यावर इतका जोर देतोय.

घरात काय बिघडलेलं असतं

सगळ्यात जास्त वेळा सापडतात ती पॅरलल एक्स्टेन्शनं. हॉलमध्ये एक, बेडरूममध्ये एक, आजोबांच्या खोलीत एक, असे फोन एकाच जोडीला फाटे फोडून लावलेले असतात, आता मोबाइल आल्यावर फोन गेले पण वायर भिंतीत तशीच राहिली. लोकांना वाटतं फोनच नाही तर वायर काय करणार. पण उघड्या टोकाच्या फाट्यात सिग्नल जातो, टोकाला आपटून परत येतो आणि मूळ सिग्नलवर चढतो. फाट्याची लांबी जेव्हा लहरीच्या पाव भागाएवढी होते तेव्हा ती फ्रिक्वेन्सी जवळजवळ खाल्ली जाते. वायरमध्ये सिग्नल सेकंदाला साधारण वीस कोटी मीटर जातो, त्या हिशोबाने २५ मीटरचा फाटा २ मेगाहर्ट्झला खड्डा पाडतो, ५० मीटरचा १ मेगाहर्ट्झला, म्हणजे एडीएसएलच्या ऐन पट्ट्यात. पाच मीटरच्या फाट्याने एडीएसएलला फारसं काही होत नाही, पण व्हीडीएसएल (याच तारेवरचा जास्त वेगवान प्रकार) असेल तर ते १७ मेगाहर्ट्झपर्यंत जातं आणि तिथे तीन मीटरचा तुकडाही नडतो. बंगला किंवा दुमजली घर असेल तर २५ मीटर वायर सहज होते, जिन्यातून वर, गच्चीच्या खोलीत, परत मागच्या पडवीत.

फोनला फिल्टर (फोनपर्यंत नेटचा सिग्नल जाऊ न देणारी छोटी डबी) लावला म्हणून फाट्याचा त्रास जात नाही, कारण फिल्टर टोकाला असतो आणि वायर त्याच्या आधी असते. उपाय दोनच, वापरात नसलेला फाटा रोझेटमध्येच तोडायचा, किंवा वापरात असेल तर तो स्प्लिटरच्या पुढे न्यायचा.

दुसरं म्हणजे जोड. सुताराने कपाट करताना वायर तोडली, मग कुणीतरी दोन टोकं पिळली आणि वर काळी टेप गुंडाळली, पाच पावसाळे गेले की आत तांबं हिरवं पडलेलं असतं. अशा जोडाची एक ओळख लक्षात ठेवा, फोन उचलला की नेट सुधारतं किंवा नेमकं तुटतं, रिंग आली की मॉडेमचा लिंकचा दिवा लुकलुकायला लागतो. फोन उचलल्यावर लाइनमधून करंट वाहतो आणि गंजलेल्या जोडाची अवस्था तेवढ्यापुरती बदलते, म्हणून असं होतं. दुसरी गंमतीची वाटेल पण खरी गोष्ट, दोनपैकी एक तार पूर्ण तुटली तर फोन ठार मरतो पण नेट रडतखडत चालू राहू शकतं, कारण उंच फ्रिक्वेन्सी तुटलेल्या जागेवरूनही थोडीफार पलीकडे जाते. त्यामुळे "फोन बंद आहे पण नेट येतंय म्हणजे लाइन ठीक आहे" असं समजू नका.

दीडदोनशे रुपयांचा मल्टिमीटर असेल तर घरातली वायर पाच मिनिटांत तपासता येते. रोझेटपासून ती जोडी दोन्हीकडून मोकळी करा, फोन, स्प्लिटर काहीही लावलेलं नको. एका टोकाला दोन्ही तारा एकमेकींना पिळा आणि दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. अर्धा मिलीमीटर तांबं असेल तर २० मीटर वायरीचं जाऊन-येऊन रीडिंग साडेतीन ओहमच्या जवळ यायला हवं. पंधरा-वीस ओहम दाखवतोय आणि वायर हलवली की आकडा नाचतोय तर मध्ये जोड खराब आहे. मग पिळलेली टोकं सोडवा, मीटर सगळ्यात मोठ्या रेंजवर टाका, काहीच रीडिंग यायला नको. काही किलोओहम दिसले तर कुठेतरी ओल शिरली आहे, अशी वायर दुरुस्त करत बसू नका, बदला.

तिसरं म्हणजे विजेची वायर. आपल्याकडे कन्सील्ड वायरिंग करताना इलेक्ट्रिशियन फोनची वायर त्याच पाइपात ढकलून देतात, जागा वाचते म्हणून. हे नेटसाठी वाईट आहेच पण धोक्याचंही आहे, कुठे इन्सुलेशन गेलं तर २३० व्होल्ट फोनच्या लाइनवर येईल. शक्यतो एक फूट तरी अंतर ठेवा आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

नवीन वायर कुठली आणि कशी

बाजारात चपटी चार तारांची पांढरी वायर मिळते, फोनसाठी म्हणून हीच हातात देतात. ती घेऊ नका. तिच्या तारा समांतर असतात, पीळ नसतो, आणि पीळ नसलेली वायर एरियलसारखी वागते. आकाशवाणी पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ, मुंबईचं १०४४, ही मीडियम वेव्हची केंद्रं बरोबर एडीएसएलच्या पट्ट्यात येतात. पिळलेल्या जोडीत दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच बसतो आणि मॉडेमला तो वजा करता येतो.

कॅट ५ई किंवा कॅट ६ लॅन केबल घ्या, मीटरवर मिळते, पूर्ण तांब्याची मागा, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल येते ती स्क्रूखाली तुटते आणि रेझिस्टन्सपण जास्त. त्यातली एकच जोडी वापरायची, निळी आणि निळी-पांढरी. एक तार निळ्या जोडीतली आणि एक केशरीमधली असं करू नका, दिसायला चालतं, फोनही वाजतो, पण मग पिळाचा सगळा फायदा गेला. सॉकेटमध्ये मधल्या दोन पिनांवर जोडा, कुठली तार कुठे याने मॉडेमला फरक पडत नाही. पीळ शेवटच्या सेंटिमीटरपर्यंत उकलू नका.

मध्ये जोड देणं टाळता आलं तर उत्तम. नाहीच तर जेली भरलेले छोटे कनेक्टर मिळतात, लाइनमन त्यांना यूवाय म्हणतात, वायर न सोलता आत घालायची आणि पकडीने दाबायचं, जेलीमुळे ओल शिरत नाही. बाहेरून वायर आत येते तिथे भोकाच्या आधी खाली एक झोका सोडा म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळून डबीत न जाता तिथेच गळेल. कोकणात हे केलंच पाहिजे.

स्प्लिटर

बाहेरची जोडी स्प्लिटरच्या लाइन पोर्टला. मॉडेम पोर्टमधून छोटी वायर मॉडेमला, दोन मीटरच्या आत. फोन पोर्टमधून एक वायर परत रोझेटशेजारी लावलेल्या दुसऱ्या डबीत, आणि घरातली सगळी जुनी एक्स्टेन्शनं त्या दुसऱ्या डबीत. झालं. आता ते सगळे फाटे, जुने फोन, कॉलर आयडीची डबी, मागच्या अंगणातली जादा घंटी, फिल्टरच्या पलीकडे गेले, एडीएसएलला ते दिसतच नाहीत, आणि तुम्हाला प्रत्येक फोनला वेगळा फिल्टर लावायची गरज उरली नाही. इंटरकॉमचा बॉक्स, फॅक्स, घराचा अलार्म, हेही पलीकडेच. पोर्ट उलटे लावलेले फार ठिकाणी बघितलेत, मॉडेम फोन पोर्टवर असेल तर लिंकचा दिवा नुसता लुकलुकत राहतो, म्हणून नावं वाचून लावा.

लाइनवर स्पाइक गार्डमधून फोन नेण्याची सवय असेल तर एकदा त्याशिवाय आकडे बघा, काही स्वस्त प्रोटेक्टर उंच फ्रिक्वेन्सी गिळतात. गॅस ट्यूबवाला प्रोटेक्टर असेल तर तो राहू द्या. तरी पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा चमकायला लागल्या की मॉडेमची लाइन आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवणं हाच खरा बचाव.

मॉडेम दारापाशी आणि तुम्ही मागच्या खोलीत, तर लॅन केबल टाका, ती १०० मीटरपर्यंत काही न गमावता जाते, आणि तिच्या टोकाला वायफायचा राउटर ठेवा. मॉडेम नवीन घेतलात तर त्याच्या सेटिंगमध्ये बीएसएनएलला व्हीपीआय-व्हीसीआय या दोन आकड्यांच्या जागी ०/३५ आणि एमटीएनएलला ०/३२ टाकायचं, मोड पीपीपीओई.

तरीही संध्याकाळी तुटतंय

मग घरातला गोंगाट शोधा. ठराविक वेळेला मार्जिन पडत असेल तर त्या वेळी काय सुरू होतं ते बघा. स्वस्त एलईडी दिवे, ट्यूबचा इलेक्ट्रॉनिक चोक, पंख्याचा रेग्युलेटर, स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर, मोबाइलचे नकली चार्जर, हे नेहमीचे. जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर असेल तर तो ६०० किलोहर्ट्झच्या आसपास जिथे केंद्र लागत नाही तिथे ठेवा आणि घरात फिरा, ज्या वस्तूजवळ गुरगुर वाढते ती वस्तू. खात्री करायची तर मॉडेम छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर घ्या, लॅपटॉप बॅटरीवर, आणि एकेक एमसीबी पाडत मार्जिनचा आकडा बघत जा. कुठल्या एमसीबीला आकडा उडी मारतो ते कळलं की खोली कळली. सगळं घर बंद केल्यावरही काही बदललं नाही तर गोंगाट शेजारचा किंवा बाहेरचा आहे.

दोष बाहेर असेल तर

रोझेटच्या बाहेरची वायर कंपनीची, तिला आपण हात लावायचा नाही, खांबावर तर अजिबात चढायचं नाही. पण "नेट स्लो आहे" अशी तक्रार दिली तर लाइनमनदादा मॉडेम बंद-चालू करून जातात, त्यांचाही दोष नाही, त्यांना धरायला काही दिलेलंच नसतं. तक्रार अशी द्या, रोझेटवर थेट मॉडेम लावला, घरची वायरिंग सुटी केली, तरी मार्जिन ५ आणि एरर वाढतायत. साध्या वायरवाल्या फोनवर एक आकडा दाबून शांतता होते तेव्हा खरखर ऐकू येते का तेही सांगा, कारण खरखर ही फोनच्या फॉल्टमध्ये मोडते आणि ती त्यांच्या टेस्टमध्येही दिसते.

ते आले की आधी डीपी बॉक्समधला जोड बघायला सांगा, झाकण उडालेलं असतं, आत मुंग्यांचं घर असतं, ओल असते. मग ड्रॉप वायर, झाडाच्या फांदीवर घासून सोलली असेल तर पूर्ण बदलून मागा, मध्ये जोड नको. तरी फरक नसेल तर केबलमधली जोडी बदलून द्यायची विनंती करा, डीपीमध्ये मोकळी जोडी असेल तर ते होतं. आणि ते निघायच्या आत, त्यांच्यासमोर, मॉडेम रोझेटवर लावून आकडे परत बघा, दहा मिनिटं एरर वाढत नाहीत हे दोघांनी बघितलं की मगच तक्रार बंद करायला हो म्हणा.